आशुतोष दिला, दामोदर घेतला

व्यवहार कागदावर चांगला होता, हे मी आजही म्हणतो. तो कागद माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. कुणाला पाहायचा असेल तर पाठवेन, पण अजून कुणी मागितलेला नाही.

आमचा संघ म्हणजे फेल्डहोवन या डच गावातले अकरा मराठी इंजिनियर आणि खेळ बेसबॉल. बेसबॉलच का, तर क्रिकेटला मैदान मिळालं नाही. गावातल्या बेसबॉल क्लबचे सेक्रेटरी वाउटर म्हणाले, रविवारी आमचं मैदान रिकामं असतं, पण त्यावर बेसबॉलच खेळावा लागेल. आम्ही हो म्हणालो. पुण्याच्या माणसाला परदेशात मोकळं मैदान दिसलं तर तो विटीदांडूलाही हो म्हणेल. अशाच आडवाटेनं बेसबॉलला लागलेले देशी संघ या देशात सहा निघाले आणि त्यांची रविवारची लीग सुरू झाली. दोन वर्षं झाली तरी आमचे निम्मे लोक क्रिकेटच्या सवयीनं बॅट हातात घेऊनच पळत आणि बेसवर पोचले की ती जमिनीला टेकवत. पंचांनी समजावणं सोडून दिलं होतं.

संघाचा मॅनेजर मी. निवडणूक वगैरे झाली नव्हती. सगळ्यांच्या बॅटी मावतील एवढी डिकी फक्त माझ्या गाडीला होती.

आशुतोष आमचा शेजारी. त्याच्या आणि माझ्या बागेमध्ये कमरेएवढं कुंपणाचं झुडूप आहे. मार्च २०२०मध्ये ऑफिसं घरात आली तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला तो त्याच्या बाजूला आणि मी माझ्या बाजूला, आपापला चहा घेऊन उभे राहत असू. मध्ये दीड मीटर अंतर हवं म्हणून पहिल्या दिवशी त्यानं टेप लावून मोजलं होतं. त्या दिवसांत बायको, मुलगी आणि सासूबाई सोडल्या तर मला रोज दिसणारा माणूस तेवढा एकच होता. त्या चहाची किंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती.

सासूबाईंचंही सांगतो, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच येणार आहे. राधाबाई फेब्रुवारीत दीड महिन्यासाठी आल्या आणि विमानं बंद पडल्यानं अडकल्या. एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेल्या बाई त्या. रिकामं बसणं त्यांना जमत नाही. मेमध्ये अंतर ठेवून सराव करायला परवानगी मिळाली, तेव्हापासून त्या दर रविवारी घडीची खुर्ची घेऊन मैदानावर यायच्या आणि शंभर पानी वहीत काहीतरी लिहायच्या. मला वाटलं नामजप असेल.

तर जूनमध्ये राजानंदचा फोन आला. राजानंद बाडहूव्हडॉर्पच्या संघाचा मॅनेजर, मूळचा नागपूरचा, विद्यापीठात संशोधन करणारा शांत माणूस. म्हणाला, "विश्वासजी, आमच्याकडे पिचर दोन आहेत. दामोदर तुम्ही घ्या. आम्हाला आशुतोष द्या."

दामोदर! लीगमधला एकमेव डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. गेल्या वर्षी त्यानं आम्हाला नऊ जणांना ओळीनं बाद केलं होतं. आणि बदल्यात काय, तर आशुतोष. आशुतोष पुण्यात लहानपणी पद्धतशीर क्रिकेट शिकलेला. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू बॅट उचलून सोडून द्यायचा, ही शिकवण त्याच्या हाडांत मुरली आहे. इतर लोक बॅट गरगरा फिरवत असताना हा चेंडू सोडायचा आणि तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत त्याच्याकडे तुच्छतेनं बघत राहायचा. त्याचा फटका मी त्या मोसमात एकच पाहिला होता आणि तोही वाउटरच्या सायकलला लागला होता.

समोरचा माणूस हिरा देऊन दगड का मागतोय, हा प्रश्न कुठल्याही पुणेकराला पडायला हवा होता. मला पडला नाही, कारण मी तक्ता केला.

आमची कंपनी चिपा बनवणारी यंत्रं बनवते. तिथे स्क्रू कुणाकडून घ्यायचा हेसुद्धा तक्ता केल्याशिवाय ठरत नाही. निकष लिहायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, गुण भरायचे, बेरीज काढायची. मी तोच तक्ता घेतला. फटके, फेक, पळणं, उपलब्धता. दामोदर एकूण चौऱ्याहत्तर, आशुतोष एकेचाळीस. उपलब्धतेत दामोदरला दहापैकी दहा, कारण तो विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि तेव्हा विमानतळावर सामानच नव्हतं. आशुतोष सोडून बाकीच्यांना मी व्हिडिओ कॉलवर तक्ता दाखवला. दहाही जण इंजिनियर असताना चौऱ्याहत्तर आणि एकेचाळीस यांच्यावर चर्चा ती काय होणार. सुमितनं तेवढं विचारलं, "आशुतोषला कोण सांगणार?" मी म्हणालो, "मी आहे ना शेजारी."

आणि मी सांगणारच होतो. सोमवारी साडेदहाला सांगणार होतो, पण तो त्याच्या टोमॅटोच्या रोपाबद्दल बोलत होता. मंगळवारी त्याचा मूड चांगला होता, तो कशाला घालवा. बुधवारी पाऊस होता. दरम्यान मी वाउटरला फॉर्म पाठवून दिला, कारण बदलीची मुदत तीस जूनपर्यंत होती आणि मुदत म्हटली की मला झोप लागत नाही.

गुरुवारी साडेदहाला आशुतोष चहा न घेता आला. हातात फोन होता. क्लबच्या यंत्रणेनं त्याला आपोआप ईमेल धाडला होता. "प्रिय सदस्य, तुमची बदली करण्याची विनंती आली आहे. तुमच्या दोन कॅन्टीन-पाळ्या बाकी आहेत. त्या पूर्ण केल्याशिवाय तुम्हाला मुक्त करता येत नाही."

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"मी आज सांगणारच होतो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि आत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता कॅन्टीन-पाळीबद्दल. इथल्या क्लबात सदस्याला फक्त खेळून चालत नाही. वर्षातून काही वेळा कॅन्टीनच्या काउंटरमागे चार-चार तास उभं राहून कॉफी आणि बटाट्याचे तळलेले तुकडे विकावे लागतात. आशुतोषच्या दोन पाळ्या राहिल्या होत्या. पण सरकारनं कॅन्टीनं मार्चपासून बंद केली होती आणि ती उघडणार होती एक जुलैला. बदलीची मुदत तीस जूनला संपत होती.

मी वाउटरना गाठलं. ते मैदानाच्या कडेला चुन्याच्या रेघा मारत होते. म्हणाले, याविषयी बोलायला अपॉइंटमेंट घ्या. मी तिथेच त्यांच्यासमोर उभं राहून फोनवरून अपॉइंटमेंट घेतली. त्यांच्या फोनवर ती वाजली. त्यांनी ती पाहिली, मान्य केली आणि रेघा पूर्ण करून दहा मिनिटांनी माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला."

मी अडचण सांगितली. त्यांनी नियमांची वही आणली. नियमात 'पाळी पूर्ण करावी' असं होतं. गिऱ्हाईक असावं असं कुठेच नव्हतं. तेव्हा सत्तावीस आणि अठ्ठावीस जूनला आशुतोषनं बंद कॅन्टीनमध्ये चार-चार तास उभं राहावं आणि संघाच्या मॅनेजरनं देखरेख करून सही द्यावी, असं ठरलं. माझ्या डोळ्यांसमोर माझी खुर्ची आली. वाउटर म्हणाले, देखरेख उभं राहूनच करतात.

ते आठ तास मी विसरणार नाही. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फ्रिज बंद, तळणीवर झाकण. आशुतोष ॲप्रन घालून काउंटरमागे आणि मी पुढे, जमिनीवर चिकटवलेल्या दीड मीटरच्या पट्टीवर. तो काउंटर पुसायचा. पुसून झालेला पुन्हा पुसायचा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मला राहवलं नाही.

"अरे, नको जाऊस. मी फॉर्म मागे घेतो. माझं चुकलं."

त्यानं फडकं पिळलं. "त्यांनी मला मागितलंय, विश्वास. तुम्ही मला दिलंय. मग जावंच लागेल ना?"

"सव्वाशे किलोमीटर आहे रे."

"तुझं घर माझ्यापासून पंधरा पावलांवर आहे. तेवढं चालून सांगायला तुला जमलं नाही. सव्वाशे किलोमीटरचं तू बोलू नकोस."

मी सही दिली. सोमवारपासून साडेदहाला कुंपणापलीकडे कुणी नव्हतं. टोमॅटो लाल झाले, ते मला माझ्या बायकोकडून, मंजूषाकडून कळलं, कारण आशुतोषच्या बायकोनं, मीनलनं, ते समोरच्या दारानं आणून दिले होते. चार टोमॅटो होते, आशुतोषचा निरोप नव्हता.

जुलैत सामने सुरू झाले आणि दोन रविवार मी सुखात काढले. दामोदर गाडीतून उतरला की समोरच्या संघाचा चेहरा पडायचा. आम्ही दोन्ही सामने जिंकलो. ग्रुपवर मला लोक 'मास्टरस्ट्रोक' म्हणाले. मी तक्त्याचा फोटो पुन्हा टाकला. तिसऱ्या रविवारी दामोदरचा फोन आला.

"विश्वासजी, फ्लाइट्स सुरू झाल्या ना. पट्टे फिरायला लागले. सुट्टीवर निघालेत लोक. माझ्या आता सगळ्या रविवारच्या शिफ्ट आहेत."

"कधीपर्यंत?"

"तशी विमानं चालूच राहतील असं वाटतंय."

जग पूर्ववत होऊ लागलं याचा आनंद न झालेला त्या महिन्यात बहुधा मी एकटाच. आमचा एक खेळाडू अमराठी शेजारणीच्या लग्नाला, एकाचा गुडघा दुखावलेला, एक विलगीकरणात. त्यामुळे बॉल टाकायला मी उभा राहिलो. माझ्या बॉलिंगबद्दल इतकंच सांगतो, की पहिल्या डावात पंचांनी मला विचारलं, मास्कमुळे दिसत नसेल तर काढून ठेवायचाय का. आम्ही ओळीनं चार सामने हरलो.

मग सुरू झाला वाद. आशुतोष देऊन दामोदर घेतला, हे बरोबर की चूक? आमच्या संघाला पाठीराखे आहेत हे मला तेव्हा कळलं. सुपरमार्केटमध्ये माणशी एक ट्रॉली सक्तीची होती, तेव्हा प्रत्येकजण ट्रॉलीमागून, अंतर राखून, मला मत सांगायचा. सुमितची बायको तेजल म्हणाली, "दामोदर गुणी आहे हो, पण गुणी माणूस मैदानावर नको का?" सुमित म्हणाला, उपलब्धतेला वजन कमी पडलं. मी म्हणालो, उपलब्धतेत त्याला दहापैकी दहा होते, तेच तर दुखणं आहे. हेगचे श्यामकांत, ज्यांच्या संघाचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता, त्यांनी पाऊण तास फोन केला. ते वकिलातीत कामाला असल्यानं साधा हवामानाचा अंदाजही 'ऑफ द रेकॉर्ड' सांगतात. "कसंय विश्वास, कुठलाही करार हा गिव्ह अँड टेक असतो. तुमचं गिव्ह छान झालंय. टेक जरा पेंडिंग दिसतंय." घरात मुलगी सलोनीही बोलली. ती मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. "Baba, you traded your only friend." मी म्हणालो, जेव.

ऑगस्टमध्ये बाडहूव्हडॉर्पचा संघ आमच्याकडे खेळायला आला. त्या दिवसांत प्रेक्षकांना ओरडायची बंदी होती, त्यामुळे आमचे पाठीराखे माझ्याकडे नुसते बघत होते. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. बॉल टाकायला मी आणि समोर आशुतोष. त्यानं बॅट उचलली आणि चेंडू सोडला. दुसरा सोडला, तिसरा सोडला, चौथाही सोडला. पंचांनी त्याला पहिल्या बेसकडे जायला सांगितलं. बेसबॉलचा नियम असा, की पिचरनं चार चेंडू भलतीकडे टाकले आणि बॅट्समननं त्यांच्या नादी न लागता ते सोडले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. मग मागचे लोक मारत गेले आणि हा चालत, जवळजवळ फिरायला निघाल्यासारखा, चारही बेस पार करून आला. असं त्यानं चार वेळा केलं. बॅटला चेंडू न लागू देता माणूस चार धावा करून गेला. आम्ही अकरा-चारनं हरलो.

संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "आज नशीब त्याच्या बाजूनं होतं."

"आज?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वही आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. नामजप नव्हता. हजेरीपट होता. उभी नावं, आडव्या तारखा. "मला तुमचा खेळ कळत नव्हता, विश्वासराव. एवढं कळलं की चार खुंट आहेत आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली की सगळे टाळ्या वाजवतात. मग मी प्रदक्षिणा मोजल्या. तुमच्या सरावाचे सहा रविवार. आशुतोषच्या एकोणीस. त्याच्या खालोखाल सुमितच्या अकरा."

"आणि माझ्या?"

"तुमच्या ओळीत मी गैरहजेरी मांडलेली नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या शाळेत याला सौजन्य म्हणत असावेत.

मी तक्ता काढला. फटक्यांचा रकाना होता. न मारता मिळालेल्या बेसचा नव्हता, कारण क्रिकेट पाहून वाढलेल्या दहा माणसांना चेंडू सोडणं हे काम आहे असं वाटलंच नव्हतं. राजानंदला ते दिसलं होतं.

"आई, तुम्ही हे जूनमध्ये का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. "आशुतोषला तरी कुठे विचारलंत?"

मंजूषानं माझ्या ताटात भात वाढला. मी एक चांगला खेळाडू घालवला याचं दुःख मला होतंच, पण ते दुसऱ्या नंबरचं होतं. सकाळी साडेदहाला मी अजूनही कप घेऊन बागेत जात होतो आणि कुंपणाकडे पाठ करून उभा राहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पंधरा पावलं चाललो. खरं तर बावीस आहेत, समोरच्या दारानं. आशुतोषनं दार उघडलं.

"परत येशील का?" मी म्हणालो. "संघात नाही आलास तरी चालेल. चहाला ये."

त्यानं विचारलं, "तक्ता केलास?"

"नाही."

"मग येतो. पण राजानंदना मी शब्द दिलाय. ते सोडत असतील तर संघातही येतो."

राजानंदला मी फोन केला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बदलीची एक खिडकी पुन्हा उघडते, पण नियमानं एक माणूस घ्यायचा तर एक द्यावा लागतो. मनाचा मोठेपणा दाखवून मी म्हणालो, "बदल्यात मी येतो."

सभ्य माणूस देतो तसा नकार आला. "तुमची तिथेच जास्त गरज आहे," तो म्हणाला. "आम्हाला राधाबाई चालतील."

"कोण?"

"तुमच्या सासूबाई. स्कोअरर म्हणून. त्यांची वही मी ऑगस्टच्या मॅचमध्ये पाहिली. इतका शुद्ध डेटा मी आमच्या लॅबमध्येही पाहिलेला नाही."

मी हसलो. सांगितलं, की त्यांना सत्तावीस सप्टेंबरच्या विमानात कशीबशी जागा मिळाली आहे, एकच सामना मिळेल. तो म्हणाला, चालेल. मी फोन ठेवला आणि मनात म्हणालो, आता कोण फसलं. एका मॅचची सासू देऊन अख्खा आशुतोष परत. घाईघाईनं आत जाऊन सासूबाईंना म्हणालो, "आई, तुम्हाला एक विचारायचंय." या वेळी मी शिकलो होतो.

"राजानंदांनी परवाच विचारलं," त्या भाजी निवडताना म्हणाल्या. "मी हो म्हटलंय."

फॉर्म मीच भरला. वाउटरनी त्यांची सदस्य म्हणून नोंद केली, त्यांची एक कॅन्टीन-पाळी निघाली आणि ती त्यांनी उघड्या कॅन्टीनमध्ये, खऱ्या गिऱ्हाइकांसमोर पूर्ण केली. कॉफी मागायला आलेल्या प्रत्येकाला त्या आधी रांगेत सरळ उभं राहायला लावत. भाषा मराठी होती, पण एकतीस वर्षांचा आवाज होता, सगळ्यांना समजलं.

सत्तावीसला त्यांच्या बॅगा माझ्या डिकीत, बॅटींच्या शेजारी. दुपारी बाडहूव्हडॉर्पच्या मैदानावर सामना. सासूबाई तिथल्या संघाच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या आणि आशुतोष आमच्या बाजूनं खेळला. त्यानं तीन प्रदक्षिणा केल्या. शेवटच्या डावात माझ्याकडे सोपा झेल आला आणि तो माझ्या हातातून निसटला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि लिहिलं. आम्ही एका धावेनं हरलो. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते, म्हणून बाहेरच मी त्यांच्या पाया पडलो. मंजूषा रडली. सासूबाई म्हणाल्या, "झेलाला दोन्ही हात लावा, विश्वासराव."

दोन दिवसांनी प्रेक्षकांना मैदानावर बंदी आली. चार ऑक्टोबरला आमचा सामना रॉटरडॅमशी झाला. आशुतोष संघात होता, चहा पूर्ववत झाला होता आणि मी व्यवहार जिंकल्याच्या आनंदात होतो. पाचव्या डावात सुमितनं विचारलं, "स्कोअर काय झाला?" मी म्हणालो सात. आशुतोष म्हणाला आठ. समोरच्यांचा आकडा तिसराच होता. कडेला सासूबाईंची घडीची खुर्ची सवयीनं उघडून ठेवलेली होती आणि तिच्यावर बॅटींच्या पिशव्या होत्या. पंचांनी वैतागून विचारलं, तुमच्याकडे लिहून कोण घेतं? तेव्हा अकरा इंजिनियर एकमेकांकडे बघत राहिले.

मला युक्ती सुचली. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. मी व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी उचलला. चष्मा डोळ्यावर, वही पुढ्यात, पेन हातात.

"आई, तयारच आहात की. जरा आमचा स्कोअर—"

"विश्वासराव, हळू बोला. इकडे टॅबवर मॅच चालू आहे."

त्यांनी फोन जरा वळवला. टेबलावर मंजूषाच्या भावाचा टॅब डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्याच्या पडद्यावर बाडहूव्हडॉर्पचं मैदान, तिपाईवर लावलेल्या कॅमेऱ्यातून, स्वच्छ दिसत होतं. राजानंद पडद्यातून हात हलवत होता.

"हे कधी ठरलं?"

"पहिल्याच दिवशी. त्यांनी विचारलं, पुण्याहून जमेल का. मी म्हटलं, न जमायला काय झालं."

आशुतोष माझ्या खांद्यावरून डोकावत होता. त्याला हसू आवरत नव्हतं. मी आवाज शक्य तितका मऊ केला.

"आई, आमचंही जोडीला थोडं लिहाल का? घरचाच संघ आहे."

त्यांनी वहीत एक खूण केली, पान उलटलं आणि वर न बघता म्हणाल्या, "मी बाडहूव्हडॉर्पची आहे. आधी राजानंदांना विचारा."